सोनखांबचं गाळलेलं स्तोत्र

सलाम मंडळी, सलाम! या, पुढे या. तिकडे खांबाला टेकून कशाला बसलात? खांब पडत नाही, मी सकाळीच हलवून बघितलाय! आणि पोरांनो, तुम्ही इथं, अगदी माझ्या पायाशी. तुम्ही समोर नसलात की मला गोष्ट सुचत नाही.

भजन झालं, दावीद राजाचं नाव झालं. आता आख्यान. पण त्याआधी एक प्रश्न. उत्तर सगळ्यांनी द्यायचं — आणि मोठ्यानं!

देवावर रागवावं का?

...का हो? एकदम सामसूम! आत्ता मी विचारलं असतं, "देवाची स्तुती करावी का?" तर तुमच्या "हो"नं वरचे पत्रे उडाले असते. आणि आता? कुणी चप्पल शोधतंय, कुणी घड्याळ बघतंय!

बरं, मोठ्यांना राहू दे. पोरांना विचारतो. ए चिमणे, दोन वेण्यांवाली — तू आईवर रागावतेस का? "हो!" शाब्बास. पप्पांवर? "हो." आणि देवावर? ...बघितलंत? लगेच आईच्या तोंडाकडे बघितलं! उत्तर तिच्याजवळ आहे, मंडळी, पण ते द्यायची परवानगी आहे की नाही, ते तिला ठाऊक नाही. आजची गोष्ट त्या परवानगीची आहे.

पेटीवाले, सूर धरा. तबला हळू.

*जे पिकले शेतात, तेच आणिले देवा,*
*गोड असो, कडू असो, तूच पदरी घ्यावा।*

मंडळी, ऐका! सोनखांब नावाचं एक गाव. कुठं आहे विचारू नका — माझ्या गोष्टीत आहे, तेवढं पुरे. नदी आहे, नदीकाठी भाजीचे मळे आहेत, आणि चढावर एक दगडी मंदिर आहे, आपल्या प्रभू येशूचं. मंदिरापुढं चिंचेचं झाड, झाडाशेजारी लोखंडी खांबावर घंटा.

या गावाची एक रीत होती. पहिल्यांदा जी माणसं प्रभूकडे आली, त्यांना वाचता येत नव्हतं. शास्त्राचं पुस्तक गावात एकच. मग पहिल्या उपदेशकानं काय केलं? त्यातली दीडशे स्तोत्रं वाटून टाकली! बियाणं वाटावं तशी. "हे तुमच्या घरचं, हे तुमच्या घरचं. पाठ करा. लेकीला शिकवा, सुनेला शिकवा." कुणाला एक, कुणाला तीन. असं करत सबंध स्तोत्रांचं पुस्तक गावभर पसरलं!

मग काय व्हायचं? कुणाला भीती वाटली की म्हणायचे, "जा, पारध्यांच्या घरी जा, भीतीचं स्तोत्र त्यांच्याकडे आहे." कुणाला आनंद झाला की, "वाघचौऱ्यांना बोलवा, जयघोषाचं त्यांचं." विरजण संपलं की आपण वाटी घेऊन शेजारी जातो ना? तसं!

आणि स्तोत्रांत काय नाही, सांगा! कुणाला झोप येत नाही, रडून रडून त्याचं अंथरूण भिजलंय. कुणी म्हणतो, "देवा, हा लबाड माणूस एवढा गुबगुबीत कसा? आणि मी प्रामाणिक राहून असा का?" कुणी तर म्हणतो, "देवा, माझ्या वैऱ्यांचे दात पाड!" — हसू नका रे पोरांनो, खरंच आहे, घरी जाऊन बघा. हेवा आहे, पश्चात्ताप आहे, आईच्या मांडीवरच्या लेकरासारखी शांती आहे. माणसाच्या पोटात जे जे ढवळतं, ते सगळं!

पुढे सगळ्यांना वाचता येऊ लागलं, घरोघरी पुस्तक आलं, पण रीत राहिली. दर वर्षी हंगाम सणाला — आपल्या शेतात जे पिकलं ते आपण देवापुढं आणून ठेवतो, तो आपला सण — सोनखांबला स्तोत्रांची माळ म्हणायचे. मंडळीचा वडील, म्हणजे आपला पंच हो, तो पुढे उभा राहणार आणि हाक देणार, "पुढचं घर!" की ते घर उभं राहणार, आपलं स्तोत्र म्हणणार. पुन्हा "पुढचं घर!" असं पहिल्यापासून शेवटपर्यंत. सकाळी सुरू झालेली माळ दुपार कलली तरी चालायची. मध्ये चहा व्हायचा. चहाशिवाय आपली मंडळी टिकते का कुठं?

पण माळेत एक गंमत होती. गंमत कसली, खोट होती! सत्त्याऐंशीवं स्तोत्र झालं की सगळी मंडळी एकदम म्हणायची, "हल्लेलूया!" आणि वडील म्हणायचा एकोणनव्वदाव्याला, "पुढचं घर!"

अठ्ठ्याऐंशीवं कुठं गेलं? सांगा! कुणी नेलं?

ते होतं खरातांच्या घराचं. आणि स्तोत्र कसं? बाकीची दुःखाची स्तोत्रं बघा — रडतात, ओरडतात, पण शेवटी डोळे पुसून म्हणतात, देव चांगला आहे. हे तसं नाही! हे सुरू होतं हाकेनं आणि संपतं अंधारात. खरंच! शेवटी अंधार येतो आणि स्तोत्र संपतं. पुढं काही नाही.

आता विचार करा. सण आहे. बायका नव्या लुगड्यांत, पोरांच्या केसांना तेल, समोर टेबलावर भोपळे, ऊस, मक्याची कणसं, टोपलीत बांधलेली कोंबडी. आणि त्यात खरातांचा म्हातारा उभा राहून घोगऱ्या आवाजात अंधार आणणार! लोक चुळबुळायचे. एका वर्षी ते स्तोत्र ऐकता ऐकता एका नव्या नवरीला भोवळ आली. झालं! म्हणाले, हे बरं नाही. आपण काही अपशकुन मानत नाही हं, मंडळी! अजिबात नाही! फक्त मांजर आडवं गेलं की जरा थांबतो, घोटभर पाणी पितो, एवढंच!

पंचांची बैठक बसली. त्यात एक नवा वडील होता — तरुण, उत्साही, गळ्यानं गोड. बर्णबा वाघचौरे. सगळे त्याला बर्णबादादा म्हणायचे. त्याच्या घरचं स्तोत्र शंभरावं, जयघोषाचं! तो म्हणाला, "सणाला येशूची साक्ष दिसली पाहिजे. बाहेरचे लोक खिडकीतून बघत असतात. त्यांना काय दाखवायचं, रडगाणं? खरातांना दुसरं द्या. एक छोटंसं आहे, स्तुतीचं. ते द्या."

आणि दिलं! पुस्तकातलं सगळ्यांत छोटं स्तोत्र — उभं राहीपर्यंत संपतं असं! गावानं खरातांच्या घराला नाव पाडलं, "दोन ओळींचं घर."

त्या घरची सून, दगडाबाई. नाव दगडाबाई, जीभही तशीच. ती भर बैठकीत म्हणाली, "दादा, आमचं कडू वाटलं म्हणून काढलंत. बरं. पण आमच्या परसात कारल्याचा वेल आहे. सणाला आम्ही कारली आणतो. ती टेबलावर ठेवता की नाही?"

"ठेवतो की," बर्णबादादा म्हणाला.

"कडू असतात हो!"

लोक हसले. बैठक उठली. बाई मात्र हसली नाही.

वर्षं गेली. म्हातारा गेला. दगडाबाईचा नवराही गेला. सणाला ती एकटी उभी राहायची, दोन ओळी म्हणायची, बसायची. कारली आणायची. आणि मंडळी "हल्लेलूया" म्हणून त्या अंधारावरून उडी मारायची. रस्त्यात खड्डा असला, रोजचा असला, की आपण न बघताच पाय उचलतो ना? तसं. त्यात कुणी पडेपर्यंत!

*जे पिकले शेतात, तेच आणिले देवा,*
*गोड असो, कडू असो, तूच पदरी घ्यावा।*

आता ऐका, कोण पडलं ते.

बर्णबादादाची बायको सगुणा. गुणाची बाई. त्यांची एकच मुलगी, दीना. चौथीतली. चुणचुणीत! रविवारच्या शब्बाथशाळेत पाठ केलेली वचनं अशी म्हणायची की बाईंना श्वास घ्यायला सवड मिळू नये. आणि शंभरावं स्तोत्र मायलेकी मिळून म्हणायच्या, दर सणाला, हातात हात घालून.

त्या पावसाळ्यात सगुणाला ताप आला. कावीळ झाली. तालुक्याला नेलं, परत आणलं. डोळे पिवळे, हात पिवळे. मंडळी प्रार्थनेला जमली. बर्णबादादानं लेकीला जवळ घेतलं. म्हणाला, "दीना, लेकरांची प्रार्थना देव आधी ऐकतो. तू माग. आई उठेल."

पोरीनं मागितलं हो! गुडघ्यांवर बसून मागितलं. जेवताना मागितलं, शाळेत पाढे म्हणता म्हणता मागितलं.

आई उठली नाही.

पुढची गोष्ट ऐका. माती देताना बर्णबादादा खड्ड्याच्या कडेला उभा राहिला आणि खड्या आवाजात शंभरावं स्तोत्र म्हटलं. डोळ्यांत टिपूस नाही! लोक म्हणाले, वा, काय विश्वास! गिरणीवाल्या काशीबाई, सगुणाच्या मैत्रीण — आपल्या मंडळीतल्या नव्हेत, पण जिवाभावाच्या — त्या पदरात तोंड घालून हमसत होत्या. दादा त्यांनाच समजावत होता, "रडू नका, ताई. ती प्रभूकडे आहे. आम्हाला आनंद आहे."

आनंद आहे! दीनानं बापाकडे बघितलं. मग खड्ड्याकडे बघितलं. मग वर बघितलं. आणि तोंड मिटलं.

घरी कुणी भेटायला आलं की दादा लेकीला सांगायचा, "डोळे पूस. आपण साक्षीदार आहोत. आपल्याकडे बघून लोकांनी देवाला ओळखायचं असतं." चूक होतं का त्याचं म्हणणं? निम्मं बरोबर होतं, म्हणून तर फसला! पूर्ण चूक असती तर कळली असती.

जेवताना तो डोळे मिटून उपकार मानायचा. पोरगी डोळे उघडे ठेवून भाकरीकडे बघायची. घरात तिचा पाय ठरायचा नाही. बसली की उठायची. उठली की दारात. दारातून चुलीपाशी. चुलीपाशी आली की पुन्हा दारात! दप्तर भरायची, काढायची, भरायची. आईच्या लुगड्याची घडी मोडायची, घालायची, मोडायची. लहान लेकरू असं भिरभिरतं ना, मंडळी, तेव्हा ते खोड्या करत नसतं. त्याला काही ठेवायचं असतं आणि ठेवायला जागा सापडत नसते!

हंगाम सण जवळ आला. वाघचौऱ्यांच्या घरचं स्तोत्र आता कोण म्हणणार? दीनाच. दादानं सकाळी तिला समोर बसवलं.

"म्हण, बाळा. सगळ्या पृथ्वीला जयघोष करायला सांगितलाय. म्हण."

दीना नखानं जमीन उकरत राहिली.

"विसरलीस का?"

"नाही."

"मग म्हण की!"

"नाही म्हणणार."

"का गं?"

"खोटं होईल."

दादाच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. "काय म्हणालीस?"

"मी मागितलं होतं, पप्पा. तुम्हीच म्हणालात, माग. त्यानं ऐकलं नाही. मग आता जयघोष कशाचा?"

"दीना! देवाला असं बोलू नये!"

"असं बोलू नये?"

"अजिबात नाही!"

"मग मी बोलतच नाही," ती म्हणाली.

आणि खरंच बोलली नाही, मंडळी! त्या सकाळपासून अबोला. देवाशी आणि बापाशी, दोघांशी! दादा विचारी, भाकरी हवी? उत्तर नाही. शाळा? उत्तर नाही. बायको मातीत गेली होती. आता पोरगी समोर बसलेली असून चालली होती! हळूहळू, डोळ्यांदेखत! आणि दादाच्या हातात एकच स्तोत्र. तेवढंच त्यानं लेकीसाठी घरात ठेवलं होतं.

मग आला शनिवार. सणाच्या आदला दिवस. भर दुपार. माणसं मळ्यात, म्हातारे ओसरीवर आडवे. आणि एकाएकी — ठण्ण!

घंटा! या वेळी? कोण गेलं? लोक उठले, धावले. पुन्हा — ठण्ण! एकीच्या हाताला पीठ तसंच, एकाच्या खांद्यावर खुरपं तसंच. चढावर येऊन बघतात तर काय!

चिंचेखाली दीना. ओच्यात दगड. एकेक काढतेय आणि घंटेवर मारतेय! काही नेम चुकतायत, पत्र्यावर जातायत, काही लागतायत — ठण्ण! केस सुटलेले, तोंड लाल.

"अगं, काय करतेस? थांब!"

"थांबणार नाही!" पोरीचा आवाज फाटला होता. "त्याला ऐकू येत नाही! मी किती मागितलं, त्याला ऐकूच येत नाही! आता ऐक! ऐक!" ठण्ण!

मंडळी, बर्णबादादा गर्दीतून पुढे आला. मंडळीचा वडील! सगळं गाव बघतंय, मंडळीतलं, मंडळीबाहेरचं, खिडकीतून बघणारे सगळे आज अंगणात उभे! त्याचा हात वर गेला.

तो हात मधेच कुणीतरी धरला. सुरकुतलेला हात, पण पकड घट्ट. दगडाबाई!

"दादा, हात खाली घ्या."

"बाई, मध्ये पडू नका! देवाच्या घरावर दगड मारतेय ती!"

"दगड नाही हो मारत," दगडाबाई म्हणाली. "प्रार्थना करतेय. सगुणा गेल्यापासून तुमच्या घरातली ही पहिली खरी प्रार्थना. मारू द्या."

दीनाच्या ओच्यात एकच दगड उरला होता. तो तिनं मारला नाही. मुठीत धरला आणि मटकन खाली बसली.

म्हातारीनं तिला उठवलं, आपल्या घरी नेलं. बापाला एवढंच म्हणाली, "संध्याकाळी आणून सोडते. कोंबड्या कोंडायला मदत हवी मला."

आता बघा, पोरांनो, या म्हातारीनं काय केलं. खाऊ दिला? नाही. "रडू नको" म्हणाली? नाही! सूप घेतलं, बाजरी पाखडायला बसली, आणि पाखडता पाखडता म्हणू लागली. आपल्या घरचं, जुनं, गाळलेलं. घोगऱ्या आवाजात.

दीनानं ऐकलं. मग जवळ सरकली.

"आजी, हे कुणी म्हटलंय?"

"देवाच्या माणसानं."

"देवाच्या पुस्तकात आहे?"

"आहे. सत्त्याऐंशी झालं की पुढचं पान उलट."

"हा देवाला म्हणतोय, तू तोंड का लपवतोस? असं म्हणाला तो?"

"तोंडावर म्हणाला."

"मग देवानं काय केलं त्याला?"

दगडाबाईनं सूप खाली ठेवलं. "काय केलं? त्याचं बोलणं आपल्या पुस्तकात जपून ठेवलं, बाळा. गाळलं नाही. गाळलं ते आम्ही."

पोरगी आणखी जवळ सरकली. "आणि शेवटी? शेवटी आई उठते का त्याची? कोणी येतं का?"

"नाही. शेवटी अंधार येतो. आणि संपतं."

दीना म्हणाली, "बरोबर आहे."

कळलं का, मंडळी? सगळ्या गावानं तिला उजेड देऊ केला होता आणि तो तिच्या डोळ्यांना टोचत होता. इथं पहिल्यांदा कुणी तिच्या अंधारात येऊन शेजारी बसलं!

"शिकवा मला," ती म्हणाली.

*जे पिकले शेतात, तेच आणिले देवा,*
*गोड असो, कडू असो, तूच पदरी घ्यावा।*

रविवार उजाडला. सण! टेबल भरलं. भोपळे, गवार, ज्वारीची कणसं, आणि कडेला दगडाबाईची कारली. खिडक्यांत नेहमीसारखे बाहेरचे लोक. काशीबाई दाराशी. बर्णबादादा पुढे उभा, कोट घातलेला, चेहरा राखेसारखा. रात्रभर झोपला नसावा. दीना त्याच्या बाकावर नव्हती. ती बसली होती दगडाबाईशेजारी.

माळ सुरू झाली. "पुढचं घर!" "पुढचं घर!" भीती झाली, पश्चात्ताप झाला, वैऱ्यांचे दात पाडून झाले. चहा झाला! सत्त्याऐंशीवं आलं. संपलं. मंडळीनं "हल्लेलूया" म्हणायला तोंड उघडलं —

आणि दीना उभी राहिली.

शेजारी काठी टेकत दगडाबाई उभी राहिली.

"हल्ले—" एवढंच आलं काही तोंडांतून आणि अडकलं.

आता सगळं दादाच्या हातात. हाक दिल्याशिवाय घर बोलू शकत नाही, ही रीत! तो एकोणनव्वदाव्याच्या माणसाकडे बघून "पुढचं घर" म्हणू शकत होता. सोपं होतं! इतकी वर्षं तेच तर केलं होतं. खिडकीत लोक. समोर पोरगी. ती त्याच्याकडे बघतेय — किती दिवसांनी डोळ्यांत डोळे घालून बघतेय! बोलत नाही. नुसती बघतेय. "पप्पा, मला यायला वाट देता का?" एवढंच त्या डोळ्यांत. आणि दादाला कळलं, मंडळी — आज हिला खाली बसवलं, तर ही पुन्हा कधीच उभी राहणार नाही.

त्यानं कोटाचं वरचं बटण सोडलं. खाकरला.

"पुढचं घर... खरातांचं."

दीना म्हणू लागली. तिच्या त्या चुणचुणीत आवाजात नाही. हळू. "देवा, मी दिवसा हाक मारते. रात्री तुझ्यापुढं रडते. माझा जीव दुःखानं काठोकाठ भरलाय. तू मला खोल खड्ड्यात ठेवलंस. तुझ्या लाटा माझ्यावर आल्या. माझी माणसं... तू माझी माणसं..."

अडकली. ओठ हलतात, शब्द नाही. तिनं दगडाबाईकडे बघितलं. म्हातारीच्या तोंडात पदर. तिला स्वतःलाच म्हणवेना! मंदिरात चुळबुळ सुरू झाली. मागून कुणी कुजबुजलं, "पुढचं घ्या, दादा. पुढचं घ्या."

आणि पुढून आवाज आला.

"...तू माझी माणसं माझ्यापासून दूर नेलीस."

बर्णबादादा! त्याला येत होतं! लहानपणी खरातांच्या म्हाताऱ्याच्या तोंडून त्यानं दर सणाला ऐकलं होतं. माळेतून काढलं, पण पोटातून कुठं निघतं? "हात पसरून बसलोय तुझ्यापुढं. सकाळी उजाडायच्या आत माझी हाक तुझ्याकडे येते. तू तोंड का लपवतोस? का टाकलंस मला?" बाप एक ओळ म्हणे, लेक एक. असं करत दोघं शेवटाला आले. आणि शेवटचं दोघांनी मिळून म्हटलं — "आता सोबतीला एकच. अंधार."

संपलं.

एकोणनव्वदाव्याचा माणूस सवयीनं उभा राहिला होता, तो हळूच खाली बसला. हल्लेलूया कुणी म्हटलं नाही.

बर्णबादादा टेबलापुढच्या पायरीवर बसला. भोपळ्याशेजारी, कारल्यांशेजारी. आणि रडला! गप्प राहून नाही हो — मोठ्यानं, हुंदके देत, कोटाच्या बाहीनं नाक पुसत, सगळ्या साक्षीदारांसमोर. खिडकीतले लोक काय म्हणतील? ऐका, काय म्हणाले! दारातून काशीबाई म्हणाल्या, "आत्ता कळलं गं बाई, दादांनापण दुःख झालं होतं. मला वाटलं, यांच्या देवाला रडलेलं चालत नाही."

ऐकलंत? इतके दिवस दादा साक्ष देत होता — आणि लोकांपर्यंत पोचत होतं ते हे!

दीना बाकातून निघाली, बापाजवळ आली. पायरीवर बसली. अबोला कसा सुटतो ठाऊक आहे का? मोठ्या वाक्यानं नाही सुटत.

"पप्पा," ती म्हणाली, "तुमचा कोट खराब झाला."

माळ पुढे गेली, मंडळी. घर उठलं, घर बसलं. आणि येत येत आलं शंभरावं. दादा उभा राहिला. "पुढचं घर..." म्हणाला आणि थांबला. पुढचं घर त्याचंच! सगळ्यांना वाटलं, आता पोरगी जयघोष करणार. गोष्टीत असंच होतं ना? रडून झालं, आता हसायचं!

दीनानं बापाचा हात धरला. "पप्पा, त्याला सांगा, थांब म्हणावं."

"कुणाला, बाळा?"

"देवाला."

बर्णबादादानं एक क्षण तिच्याकडे बघितलं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा या वडिलानं खऱ्या वडिलासारखं उत्तर दिलं. म्हणाला, "तूच सांग. तो इथंच आहे."

दीना टेबलाकडे वळली. मुठीत काहीतरी होतं. कालचा तो शेवटचा दगड! तो तिनं कारल्यांशेजारी ठेवला. आणि म्हणाली, "देवा, थांब. मी अजून रागावलेली आहे."

त्या वर्षी सोनखांबच्या माळेत शंभराव्या स्तोत्राच्या जागी एवढंच म्हटलं गेलं. आणि मागच्या बाकावरून एका घोगऱ्या आवाजानं उत्तर दिलं, "आमेन!"

तबला थांबू दे, पेटीही थांबू दे.

चिमणे, दोन वेण्यांवाली, आता सांग. दीनाचा अबोला सुटला की नाही? "सुटला!" कुणाशी? "पप्पांशी." आणखी? ...हां! "देवाशी!" बरोबर! रागावलेली आहे, पण त्यालाच सांगतेय ना? ज्याच्याशी संबंध तुटला, त्याला कुणी "थांब" म्हणतं का? जाऊ दे म्हणतं! बरं, आपल्या प्रभूनं वधस्तंभावर शेवटच्या घटकेला काय केलं? त्यानंही एक स्तोत्रच उचललं. जयघोषाचं नाही, मंडळी! "तू मला का टाकलंस" — ते! देवाच्या लेकराला ते म्हणायची लाज वाटली नाही, आणि आपण आपल्या लेकरांना सांगतो, असं बोलू नये?

आता मोठ्यांनो, तुम्ही. चपला नंतर शोधा. तुमच्या घरातलं कोणतं स्तोत्र तुम्ही गाळलंय? कुणाच्या घरी भीतीचं गाळलंय — बाप कधी घाबरत नाही म्हणे! कुणाच्या घरी हेव्याचं. कुणी इथं बसलंय, ज्याला भावाचा राग पोखरतोय आणि तोंडानं "देवाची दया, सगळं छान" चाललंय. कुणाच्या घरी आनंदाचंच गाळलंय हो! कुणी गेलं म्हणून आता या घरात हसायचं नाही! ते पण आणा. तुमच्या घरी एखादं लेकरू दारातून चुलीपाशी, चुलीपासून दारात असं भिरभिरतंय का? बघा. घरी गेल्यावर नाही, आत्ता, मनात बघा. ते लेकरू दगड घेऊन घंटेपाशी जायच्या आधी त्याच्यापाशी जाऊन बसा. आणि तुम्ही स्वतःच ते लेकरू असाल, केस पांढरे झाले तरी, तर मुठीतला दगड इथं पुढं आणून ठेवा. टेबल मोठं आहे. त्यावर कारली ठेवतात.

आज आपण मोठ्यानं काही म्हणणार नाही. प्रत्येकानं आपल्या पोटात जे खरं आहे, ते एक वाक्य, आपल्या शब्दांत, त्याला सांगायचं. गोड असेल तर गोड, कडू असेल तर कडू. डोळे मिटायला हवेत असं नाही. मी फक्त हाक देतो. नाव घेत नाही. ज्याचं त्यानं ओळखावं.

पुढचं घर!